ऑफिसचं नेटवर्क अंगावर पडलंय? ओपन सोर्स हत्यारं घेऊन सुरुवात अशी करा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही बघा, ऑफिसात जो पोरगा नाहीतर पोरगी प्रिंटर चालू करून देते तिच्याच गळ्यात हळूहळू सगळं पडतं. आधी अँटिव्हायरस, मग सर्व्हर, मग सीसीटीव्ही, आणि मग एक दिवस "शाखेत नेट येईना झालंय, बघ की जरा" म्हणून फोन यायला सुरू होतात. पगारपत्रकावर क्लार्क नाहीतर लॅब असिस्टंट लिहिलेलं असतं पण काम पूर्ण सिस्टम ॲडमिनचं. मी उद्यमबागेतले कारखाने, सोसायट्या (पतसंस्था) आणि शाळांच्या लॅब यांच्यात हेच काम करत आलोय, आणि नवीन माणसाला सुरुवातीला कुठून हात घालावा तेच कळत नाही हे दरवेळी बघतो, म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहून काढलंय.

संचालक मंडळ सॉफ्टवेअरला पैसे देत नाही म्हणून क्रॅक मारलेलं वापरू नका, एवढं पहिलंच सांगतो. क्रॅकच्या फायलीसोबत काय येतं ते कुणालाच माहीत नसतं, आणि लहान ऑफिसात रॅन्समवेअर (फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) शिरायची ही एक नेहमीची वाट आहे. या कामासाठी लागणारं जवळजवळ सगळं ओपन सोर्समध्ये (ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये) आहे, फुकट आहे, आणि मोठमोठ्या डेटा सेंटरमध्ये वापरतात तेच आहे.

माझं सांगणं क्रमाबद्दल आहे. आधी काय काय आहे ते लिहून काढा, मग त्याच्यावर नजर ठेवायची सोय करा, मग बॅकअप, आणि हे तीन झाल्यावरच काही बदलायला हात लावा. बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात फायरवॉल बसवायला घेतात, आणि मग काय बंद पडलं, कशामुळं पडलं, आधी चालत होतं का, यातलं काहीच सांगता येत नाही.

कमांड म्हणजे लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाईप करायच्या ओळी. त्यांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिलीत, टाईप करताना इंग्रजी अक्षरं लागतील. कुठलीही कमांड कळली नाही तर तिच्या आधी 'मॅन' लावून एंटर मारा, तिचं पूर्ण पान उघडतं. ते वाचायची सवय लावा.

जमवून ठेवायच्या गोष्टी

- सही-शिक्क्याचं परवानगीचं पत्र (खाली पायरी १)
- इंटरनेटचं शेवटचं बिल, कस्टमर आयडी, तक्रार नोंदवायचा नंबर, स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) घेतला असेल तर त्याचा कागद
- राउटर, स्विच, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारं उपकरण), वायफाय यांचे ॲडमिन पासवर्ड
- सॉफ्टवेअर देणाऱ्यांचे एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) कागद, लायसन्स, फोन नंबर
- एक जुना पीसी, ८ जीबी रॅम आणि नवी एसएसडी असली की पुरे
- बाहेरून लावायच्या दोन हार्ड डिस्क, दोन पेन ड्राइव्ह
- क्रिंपिंग टूल, आरजे-४५ कनेक्टर, लॅन टेस्टर, पर्मनंट मार्कर, चिकटवायची लेबलं
- एक जाड वही, कागदाचीच, कारण नेटवर्क बंद पडतं तेव्हा नेटवर्कवर ठेवलेली माहिती उघडत नाही

पायरी १. लेखी परवानगी घ्या

"अरे तू आपलाच माणूस, पत्र कशाला" असं सचिव म्हणतील, तरी घ्या. आयटी कायदा २००० च्या कलम ४३ प्रमाणं मालकाच्या परवानगीशिवाय कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये किंवा नेटवर्कमध्ये शिरणं चुकीचं धरलंय, आणि तेच अप्रामाणिक हेतूनं केलं तर कलम ६६ प्रमाणं ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमचा हेतू चांगला आहे हे उद्या पंच बदलल्यावर कोण सांगणार? चार ओळींचं पत्र पुरतं: अमुक ऑफिसातली उपकरणं तपासायला, नेटवर्क स्कॅन करायला आणि बॅकअप घ्यायला या व्यक्तीला परवानगी आहे. तारीख, सही, शिक्का. एक प्रत तुमच्याकडं.

पायरी २. नकाशा काढा

आता एनमॅप. १९९७ पासून आहे आणि नेटवर्कवर कोण कोण जागं आहे ते शोधायला याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. आधी आपल्या लॅपटॉपला कुठला पत्ता मिळालाय ते 'आयपी ए' नं बघा. समजा १९२.१६८.१.५७ दिसला आणि पुढं /२४ (म्हणजे पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे) आहे, तर 'सुडो एनमॅप -एसएन १९२.१६८.१.०/२४' चालवा, 'सुडो' म्हणजे ॲडमिनच्या हक्कानं. अर्ध्या मिनिटात यादी येते, प्रत्येक उपकरणाचा आयपी, मॅक ॲड्रेस (कारखान्यातून आलेला नंबर) आणि बनवणाऱ्या कंपनीचं नाव. ही यादी वहीत उतरवा आणि प्रत्येक ओळीपुढं ते उपकरण प्रत्यक्ष कुठं आहे ते जाऊन बघून लिहा. कॅशियरचा पीसी, मॅनेजरच्या केबिनमधला प्रिंटर, गेटवरचा कॅमेरा. काही ओळींपुढं काहीच लिहिता येणार नाही. त्या ओळी सगळ्यात महत्त्वाच्या, त्या सोडवल्याशिवाय पुढं जाऊ नका.

दोन धोके इथं आहेत. उद्यमबाग, मच्छेकडं कारखान्यात काम असेल तर सीएनसी मशीन आणि पीएलसी (मशीन चालवणारे कंट्रोलर) ज्या नेटवर्कवर आहेत तिथं जोरात स्कॅन मारू नका. जुने कंट्रोलर नेहमीपेक्षा वेगळं पॅकेट आलं तरी अडकून बसतात, आणि चालू जॉबवर मशीन थांबलं तर नुकसान खरं होतं. तिथं मशीन बंद असताना, शिफ्टच्या सुपरवायझरला सांगून, आणि नुसतं -एसएन एवढंच, व्हर्जन शोधणारं -एसव्ही नको. दुसरं, सोसायटीत बँकिंग सॉफ्टवेअरवाल्यांनी स्वतःची व्हीपीएन लाईन (इंटरनेटवरून जाणारी खाजगी वाट) दिलेली असते, तिच्या पलीकडं स्कॅन करायचं नाही, ते नेटवर्क तुमच्या पत्रात येत नाही.

नकाशा झाला की प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच नंबर लिहा. कंटाळवाणं काम आहे, दोन दिवस धूळ खावी लागते, पण नंतर रात्री फोनवरून "१४ नंबरची केबल काढून परत लाव" एवढं सांगून काम होतं.

पायरी ३. स्वतःचा एक डबा उभा करा

जुना पीसी घ्या, एसएसडी टाका आणि त्याच्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) बसवा. डेबियन १९९३ पासून आहे, साधारण दोन वर्षांनी नवी स्थिर आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला लाँग टर्म सपोर्ट धरून ५ वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. ऑगस्ट २०२५ ला १३ वी आवृत्ती आली, तीच घ्या. उबुंटूची एलटीएस पण चालते. पण एखाद्या ऑफिसात आधीच सेंटओएस ७ वर काही चालू असेल तर ते वहीत लाल शाईनं लिहा, त्याचे अपडेट ३० जून २०२४ ला बंद झालेत.

बसवताना डेस्कटॉप घेऊ नका, फक्त एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या मशीनवरून सुरक्षित लॉगिन करायची सोय) आणि स्टँडर्ड युटिलिटीज एवढंच निवडा. झाल्यावर 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' टाका म्हणजे सुरक्षा अपडेट आपोआप येत राहतात. आयपी कायमचा ठरवून द्या, आणि तो डीएचसीपी (मशीनना आपोआप पत्ते देणारी सोय) वाटत असलेल्या पत्त्यांच्या बाहेरचा घ्या.

व्हिडिओमध्ये दाखवतात तसं इंटरनेटवरून स्क्रिप्ट खेचून ती थेट रूटच्या (सगळे हक्क असलेल्या खात्याच्या) हातात देणारी ओळ कधीही चिकटवू नका. आधी फाईल उतरवा, उघडून वाचा, कळली नाही तर चालवू नका. डेबियनच्या स्वतःच्या भांडारात बहुतेक गोष्टी असतातच. भांडारातली आवृत्ती जरा जुनी असते म्हणून लोक नाक मुरडतात, पण मार्च २०२४ मधली एक्सझेडची गोष्ट बघा. एक्सझेड युटिल्स नावाच्या साध्या दिसणाऱ्या कॉम्प्रेशन टूलमध्ये कुणीतरी चोरवाट घालून ठेवली होती. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं, आणि ते खोदताना सगळं बाहेर आलं. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखांमध्ये तो कोड पोचला होता, स्थिर आवृत्तीत पोचला नव्हता. ऑफिसच्या कामाला स्थिरच घ्यावं ते यासाठी.

पायरी ४. एसएसएच नीट लावा

ओपनएसएसएच ही या कामातली तुमची मुख्य चावी आहे, म्हणून तिला वेळ द्या.

आपल्या लॅपटॉपवर 'एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९' चालवून किल्ल्यांची जोडी बनवा, पासफ्रेज विचारल्यावर नक्की द्या. मग 'एसएसएच-कॉपी-आयडी' नं सार्वजनिक किल्ली डब्यावर पाठवा, किल्लीनं लॉगिन होतंय का बघा, आणि झालं तरच सेटिंगच्या फाईलमध्ये पासवर्डनं लॉगिन बंद करा. बदल केल्यावर 'एसएसएचडी -टी' नं फाईल तपासा, मग सर्व्हिस रिस्टार्ट करा, आणि हे सगळं होईपर्यंत जुनं सेशन उघडं ठेवून दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन करून बघा. निपाणीच्या शाखेतला सर्व्हर असेल आणि तुम्ही बेळगावात बसून स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं तर तासाभराच्या वर गाडी हाणत जावं लागतंय.

यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू करताना पण हाच धोका, आधी एसएसएचला परवानगी द्यायची आणि मगच 'इनेबल'.

पायरी ५. नजर ठेवणारं काहीतरी बसवा

लोक थेट झॅबिक्सवर उडी मारतात. झॅबिक्स फार चांगलं आहे, पण सुरुवातीला त्याच्यात हरवायला होतं. मी नवीन माणसाला आधी अपटाईम कुमा बसवायला सांगतो, एका संध्याकाळी होतं, आणि गेटवे (बाहेर जायचा राउटर), सर्व्हर, प्रिंटर, एनव्हीआर, बाहेरची एखादी साईट एवढ्यांना ठराविक वेळानं विचारत राहतं. काही पडलं की टेलिग्रामवर मेसेज. याची सवय झाली, वीसतीस उपकरणांच्या वर गेलं, की मग झॅबिक्स नाहीतर लिब्रेएनएमएस. स्विच, राउटर जास्त असतील तर लिब्रेएनएमएस, सर्व्हर जास्त असतील तर झॅबिक्स, असा माझा सरळ हिशोब.

एक गोष्ट सगळे विसरतात. नजर ठेवणारा डबा ऑफिसच्या आत आहे आणि ऑफिसचं इंटरनेटच गेलं तर मेसेज कुठून बाहेर जाणार? म्हणून दुसरा एक छोटा कुमा दुसऱ्या शाखेत नाहीतर घरी ठेवा, आणि दोघांनी एकमेकांकडं बघत राहायचं.

इशारे कमीच ठेवा. प्रिंटर रात्री बंद करतात, त्याचा मेसेज रोज रात्री यायला लागला की चार दिवसांत तुम्ही टेलिग्राम म्यूट करता, आणि मग खरा सर्व्हर पडलेला कळत नाही. ज्या मेसेजवर उठून काहीतरी करायचं आहे तेवढेच ठेवा.

स्विचवर एसएनएमपी (उपकरणाला त्याची हालहवाल विचारायची सोय) चालू करत असाल तर त्याचं फॅक्टरीतून आलेलं 'पब्लिक' हे नाव आधी बदला, जमत असेल तर व्हर्जन ३ वापरा. आणि डिस्कसाठी स्मार्टमॉनटूल्स. 'स्मार्टसीटीएल -ए' च्या यादीत रीअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर हे दोन आकडे बघायचे, शून्य असले तर ठीक, वाढायला लागले तर डिस्क बदलायची. डिस्क मरायच्या आधी बऱ्याचदा असं सांगते, कुणी बघत नाही एवढंच.

पायरी ६. बिघाड शोधायची पद्धत

इथं जरा थांबून लिहितो कारण फोन याच्यासाठीच येतात. पद्धत एकच, खालून वर यायचं. लाईट आहे का, केबलचा दिवा लागलाय का, आयपी मिळालाय का, गेटवेला पिंग जातोय का, बाहेरच्या एखाद्या आयपीला जातोय का, आणि शेवटी नावावरून पत्ता सापडतोय का. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून उत्तरच आलेलं नाही, तिथंच थांबा, पुढं ब्राउझर तपासत बसू नका. आयपीला पिंग जातोय आणि नावानं साईट उघडत नाही म्हणजे बिघाड डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधणारी सोय), 'डिग' नं बघा. मधेच तुटतंय, हळू चालतंय, तर 'एमटीआर' चालवून दहा मिनिटं सोडा, कुठल्या टप्प्यापासून पुढं सगळीकडं पॅकेट गळायला लागतात ते दिसतं. मधल्या एकाच टप्प्यावर गळती दिसली आणि पुढं सगळं साफ असेल तर तिकडं लक्ष देऊ नका, तो राउटर पिंगला उत्तर द्यायला आळस करतोय एवढंच.

एक खरं उदाहरण. एका शाळेच्या लॅबमधून फोन, "सर, सकाळपर्यंत सगळं चालत होतं, आता निम्म्या मशीनवर नेट आहे, निम्म्यावर नाही, आणि जे चांगलं होतं ते पण रिस्टार्ट केलं की बिघडायलंय." हे शेवटचं वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात एकच येतं, कुणीतरी दुसरा डीएचसीपी सर्व्हर आणून जोडलाय.

तिथं बिघडलेल्या मशीनवर 'आयपीकॉन्फिग /ऑल' मारलं. शाळेचे पत्ते १९२.१६८.१ चे, याला १९२.१६८.० चा मिळालेला, आणि डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीत १९२.१६८.०.१, जो आमच्या वहीत कुठंच नाही. मग लॅपटॉप जोडून 'सुडो एनमॅप --स्क्रिप्ट ब्रॉडकास्ट-डीएचसीपी-डिस्कव्हर' चालवलं. हे नेटवर्कवर हाळी देतं की पत्ता कोण देणार, आणि जो जो उत्तर देतो तो दाखवतं. एकच सर्व्हर असायला पाहिजे, दोन दिसले. त्याच बिघडलेल्या मशीनवर 'एआरपी -ए' मधून १९२.१६८.०.१ चा मॅक ॲड्रेस काढला, त्याच्या पहिल्या सहा अक्षरांवरून घरगुती वायफाय राउटर बनवणाऱ्या कंपनीचं नाव आलं, स्विचच्या मॅक टेबलमध्ये तो पत्ता ९ नंबरच्या पोर्टवर दिसला, आणि ९ नंबरची केबल वहीप्रमाणं स्टाफ रूमला जाते. तिथं खिडकीत घरून आणलेला जुना राउटर ठेवलेला, केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये घातलेली.

निम्म्याच मशीन का बिघडल्या? मशीन चालू होताना पत्ता मागते तेव्हा दोन्ही सर्व्हर उत्तर देतात आणि बहुतेक वेळा जो आधी बोलला त्याचा पत्ता ती घेते. ज्यांनी सकाळीच पत्ता घेतलेला होता त्यांचा करार (पत्ता ठराविक वेळेपुरताच मिळतो तो) संपला नव्हता, आणि करार निम्मा संपल्यावर मशीन जुन्याच सर्व्हरकडं जाऊन तो वाढवून घेते, म्हणून त्या चालत राहिल्या. रिस्टार्ट केलेल्या मशीन मात्र नव्या सर्व्हरच्या हातात सापडल्या. राउटर काढायची गरज पडली नाही, त्यातला डीएचसीपी बंद केला, त्याला आमच्या रेंजमधला पत्ता दिला, आता तो स्टाफ रूममध्ये नुसतं वायफाय देतो आणि सर लोकांचं पण काम झालं. स्विच मॅनेज्ड असेल तर डीएचसीपी स्नूपिंग चालू करून ठेवा, मग असा पाहुणा आला तरी स्विचच त्याचं उत्तर अडवतो.

वायरशार्क आणि टीसीपीडंप पण शिका, पण हे वरचं हाताला बसल्यावर. पॅकेट उघडून बघायची गरज दहात एखाद्या वेळी पडते.

पायरी ७. बॅकअप, आणि तो परत आणून बघणं

नियम जुनाच, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर साठवलेल्या, त्यातली एक इमारतीच्या बाहेर. हत्यार म्हणून बोर्ग नाहीतर रेस्टिक घ्या. दोन्ही एकदा साठवलेला तुकडा परत साठवत नाहीत म्हणून जागा कमी लागते, आणि दोन्ही एन्क्रिप्ट करतात. मी बोर्ग वापरतो. रोजच्या ७, आठवड्याच्या ४, महिन्याच्या ६ अशा प्रती ठेवायच्या आणि बाकीच्या 'बोर्ग प्रून' नं काढायच्या. पासफ्रेज आणि 'बोर्ग की एक्सपोर्ट' नं काढलेली किल्ली कागदावर छापून तिजोरीत. ती हरवली तर बॅकअप असून नसल्यासारखा, कुणीही उघडून देऊ शकत नाही.

इथले खड्डे मात्र बरेच आहेत.

आरसिंक (फायली कॉपी करायची कमांड) '--डिलीट' सकट चालवून त्यालाच बॅकअप समजणं. सकाळी कुणी फाईल उडवली की रात्री ती प्रतीमधून पण उडते. आणि आरसिंकमध्ये ज्याची कॉपी करायची त्या फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर आतला माल जातो, नाही दिली तर फोल्डरसकट जातो. म्हणून आधी '-एन' लावून नुसतं काय होईल ते बघायचं, मग खरं चालवायचं.

चालू डेटाबेसची फाईल तशीच कॉपी करणं. कॉपी होते, उघडत नाही. मायएसक्यूएल असेल तर मायएसक्यूएलडंप, पोस्टग्रेस असेल तर पीजी_डंप, आणि ती डंप फाईल बॅकअपमध्ये घ्यायची. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर असेल तर सगळ्यांनी बंद केल्यावर रात्री.

बॅकअपची डिस्क दिवसरात्र कॅशियरच्या विंडोज पीसीला शेअर करून जोडून ठेवणं. रॅन्समवेअर जोडलेली सगळी ड्राइव्ह चाटून पुसून जातं. म्हणून पीसीनं बॅकअप ढकलायचा नाही, डेबियनच्या डब्यानं पीसीचं शेअर फक्त वाचण्यापुरतं जोडून ओढून घ्यायचा, पीसीला डब्यावर लिहायची वाटच नको.

आणि एक, जुन्या झेरॉक्स मशीनला स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकायला एसएमबी १ (विंडोजची फायली शेअर करायची जुनी पद्धत) लागतं म्हणून ते सगळ्या नेटवर्कवर परत चालू करून ठेवतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरलं ते त्याच्यातल्याच छिद्रातून, आणि मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. सांबामध्ये (लिनक्सवरून विंडोजसारखं शेअर देणारं सॉफ्टवेअर) ४.११ पासून ते आपोआप बंद असतं, तसंच राहू द्या. झेरॉक्स मशीनला डेबियनच्या डब्यावर एफटीपीचं एक फोल्डर करून द्या, नेटवर्कच्या आतल्या आत, काम होतं.

महिन्यातून एकदा बॅकअपमधून खरोखर काहीतरी परत आणा. एक चालू वर्षाची फाईल, एक जुनी, आणि एक पूर्ण डेटाबेस दुसऱ्या मशीनवर. आपल्याकडं एकाच ऑफिसात कन्नड, मराठी आणि इंग्रजी तिन्ही नावांच्या फायली असतात, पंचायतीला जाणारं पत्र कन्नडमध्ये, सभेची नोटीस मराठीत, म्हणून परत आणलेल्यांत तिन्ही लिपींतल्या नावांची एकेक फाईल उघडून बघाच. नाव प्रश्नचिन्हांसारखं दिसलं तर शेअर जोडताना यूटीएफ-८ (सगळ्या लिपी चालणारी अक्षरांची पद्धत) सांगायचं राहिलंय. फाईल उघडली पण आत मजकूर इंग्रजी अक्षरांचा घोळ दिसतोय तर बॅकअप बरोबर आहे, ती फाईल जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलीय, तो फॉन्ट पण जपून ठेवा.

पायरी ८. पावसाळ्याच्या आधी

एप्रिल-मेच्या वळवाला विजा कडाडायला लागल्या की स्विचचे पोर्ट जळाल्याचे फोन येतात, आणि जळालेलं पोर्ट बहुतेक वेळा दोन इमारतींच्या मधून उघड्यावरून गेलेल्या तांब्याच्या लॅन केबलचं असतं. दोन इमारती जोडायच्या असतील तर फायबरच टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावा, काचेतून वीज येत नाही. तांब्याच्या केबलला तसंही १०० मीटरची मर्यादा आहे, शाळेचं ग्राउंड ओलांडायचं म्हटलं की ती जवळ येते. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर नेटवर्क यूपीएस टूल्स बसवा, बॅटरी संपत आली की डबा स्वतःहून नीट बंद होतो. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात लाईट गेली की किती वेळानं येईल सांगता येत नाही, तिथल्या शाखेत हे हवंच.

पायरी ९. शाखा जोडणं

आता कुठं हात लावायची पाळी. बाहेरून ऑफिसात शिरायला रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडणं हा सगळ्यात वाईट मार्ग, त्याच्यावर दिवसरात्र पासवर्ड मारून बघणारे असतात. वायरगार्ड हे व्हीपीएन वापरा. मार्च २०२० मध्ये कर्नल ५.६ पासून ते लिनक्सच्या आतच आलंय, सेटिंगची फाईल दहा-पंधरा ओळींची, यूडीपीचा ५१८२० पोर्ट.

लावायच्या आधी दोन गोष्टी बघा. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल तर तुम्ही कॅरिअर ग्रेड नॅटच्या (एकच बाहेरचा पत्ता बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटायची कंपनीची सोय) मागं आहात, कितीही पोर्ट फॉरवर्ड केलं तरी बाहेरून आत येता येणार नाही. मग एका शाखेला तरी स्टॅटिक आयपी विकत घ्या, बाकीच्या शाखा तिला येऊन जोडू देत, आणि त्यांच्या बाजूला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५' लावा म्हणजे वाट उघडी राहते. दुसरं, दोन्ही शाखांत १९२.१६८.१ चेच पत्ते असतील तर मशीनला पलीकडचं कुठलं आणि अलीकडचं कुठलं कळणार नाही. मुख्य ऑफिस १०.१०.१, खानापूर १०.१०.२, निपाणी १०.१०.३ असं आधीच वाटून टाका. कॅमेऱ्यांना आणि पाहुण्यांच्या वायफायला वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) द्या. पूर्ण फायरवॉल हवी झाली तर ओपीएनसेन्स, दोन लॅन पोर्टचा जुना पीसी लागतो.

पायरी १०. घड्याळ, लॉग आणि बदलांची नोंद

सगळ्या मशीनची वेळ एक नसेल तर लॉग (मशीननं ठेवलेल्या नोंदी) वाचून काही उपयोग नाही. घड्याळ जुळवणारं क्रोनी बसवा. सर्ट-इननं (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांना आणि संस्थांना घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायला, लॉग १८० दिवस ठेवायला आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायला सांगितलंय. सचिवांना हे दाखवा, लॉगसाठी वेगळी डिस्क मागताना उपयोगी पडतं. आरसिसलॉगनं स्विच, राउटर, सर्व्हर यांचे लॉग एका डब्यावर गोळा करा.

'एटसीकीपर' टाका, सेटिंगच्या सगळ्या फायलींचा इतिहास गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं टूल) राहतो, काल काय बदललं ते आज बघता येतं. डेबियनचे डबे तीनचारच्या वर गेले की अँसिबल (बऱ्याच मशीनवर एकदम सेटिंग करणारं टूल) शिका, त्याला पलीकडं काही बसवावं लागत नाही, एसएसएच आणि पायथन असलं की चालतं.

पायरी ११. दुसऱ्याला उघडता आलं पाहिजे

सगळे पासवर्ड कीपासएक्ससीच्या फाईलमध्ये ठेवा, ती फाईल बॅकअपमध्ये घ्या. तिचा मास्टर पासवर्ड, बोर्गची छापलेली किल्ली, वहीच्या नकाशाची झेरॉक्स आणि "सर्व्हर बंद पडला तर आधी हे करा" अशी एक पानाची चिठ्ठी एका पाकिटात घालून सील करा, वर तारीख आणि सही करून सचिवांच्या नाहीतर मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्या आणि पोच घ्या. चिठ्ठी ज्या भाषेत ते वाचतात त्या भाषेत लिहा, मराठी नाहीतर कन्नड. पासवर्ड बदलला की पाकीट नवीन, आणि जुनं त्यांच्यासमोर फाडायचं.